उलटे डोंगर आणि सुलटे तारे

गावातल्या एकुलत्या एका फोटो स्टुडिओच्या मालकाला सगळे तोंडावर फोटोवाले म्हणत आणि पाठीमागे संशयी. दोन्ही नावं त्यांच्या कानावर होती. दुसऱ्या नावाबद्दल त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की ते पहिल्यांदा पसरवलं कोणी हे शोधून काढायला हवं.

तसा माणूस वाईट नव्हता. लहान मूल स्टुलावर बसून भोकाड पसरायला लागलं, की हा गंभीर चेहऱ्याचा गृहस्थ कॅमेऱ्यामागून मांजरासारखा आवाज काढायचा, आणि पोर गप्प होऊन बघत राहायचं. पण कोणी सहज म्हणून विचारलं, "काय फोटोवाले, काल दुकान बंद होतं?" की त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकलीच. याला काय करायचंय? कोणी सांगितलं याला? मग ते उत्तर द्यायचे, "होतं बंद," आणि छत्रीवाला दिवा उगाचच इकडून तिकडे सरकवायचे.

दुकान बंद असलं, की ते डोंगरात असायचे. गाव संपलं की वाळू सुरू व्हायची, आणि वाळूच्या पलीकडे ते डोंगर. झाड नाही, झुडूप नाही, नुसता तांबडा, काळा, पिवळा दगड. गावाला त्या डोंगरांचं काडीचं कौतुक नव्हतं. फोटोवाल्यांना मात्र वेड होतं. सकाळच्या तिरप्या उन्हात उभे राहिलेले कडे, संध्याकाळी वाळूवर पडणाऱ्या लांब सावल्या, दगडावर ऊन खात बसलेला सरडा, कड्यावरून खाली बघणाऱ्या रानशेळ्या, आणि अंधार पडला की हात वर केला तर लागतील इतके तारे. पासपोर्टच्या फोटोंवर घर चालायचं आणि या फोटोंवर त्यांचा जीव चालायचा.

हे फोटो मोठे करून ते दुकानाच्या काचेत लावत. त्यातली एक गोष्ट मात्र गावात कोणालाही ठाऊक नव्हती. काचेतले डोंगर उलटे होते. म्हणजे पाय वर डोकं खाली असे नव्हेत, आरशात दिसावेत तसे. डावी बाजू उजवीकडे, उजवी डावीकडे.

ही युक्ती त्यांना गिऱ्हाइकांनीच शिकवली होती. पासपोर्टचा फोटो हातात घेतला, की दर दुसरा माणूस तोंड वाकडं करून म्हणायचा, "हा मी वाटत नाही हो." कसा वाटेल? जन्मभर त्याने स्वतःला आरशात पाहिलेलं, भांग तिकडचा इकडे बघायची सवय. कॅमेऱ्याने खरं दाखवलं की त्याला खोटं वाटणार. फोटोवाल्यांनी विचार केला, माणूस जर स्वतःचा चेहरा ओळखत नाही, तर डोंगर काय ओळखणार? तेव्हापासून छापण्याआधी प्रत्येक डोंगर ते उलटा करायचे. कोणता प्राणी कुठे राहतो, कोणत्या कपारीत कोणाचं घरटं, याचा पत्ता कोणाला लागायला नको. एका वर्षी काही माणसं ससाण्याची पिल्लं दोरीने उतरून उचलून घेऊन गेली होती. ती रिकामी कपार त्यांनी पाहिली होती, आणि ती त्यांच्या मनातून गेली नव्हती.

डोंगरातली त्यांची गुपितं ठाऊक असलेला जगात एकच माणूस होता, आणि नेमका त्यालाच गाव रेडिओ म्हणायचं.

रेडिओ म्हणजे त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. त्याची एक जुनी जीप होती, तिच्यातून तो दगडाच्या खाणीवर मजूर ने-आण करायचा. बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. मजुरांना झोप लागायची, जीपला झोप यायची, याचं सुरूच. पोटात काही म्हणून राहायचं नाही. पण डोंगरातला एकेक रस्ता त्याला पाठ होता, वाळूत रुतलेली गाडी तो हसतहसत बाहेर काढायचा, आणि दाजींनी नुसतं "चल" म्हटलं की खाणीची फेरी दुसऱ्याला देऊन निघायचा. फोटोवाले तासन्‌तास एका दगडामागे बसले, की हा जीपच्या सावलीत आडवा व्हायचा. तेवढ्यापुरता मात्र तो गप्प असायचा. "प्राणी पळाला तर दाजी मला खातील," असं तो ताईला सांगायचा.

बाईसाहेब पहिल्यांदा दिसल्या त्या रेडिओलाच. कानांच्या टोकांवर काळ्या केसांचे झुपके असलेलं ते मोठं रानमांजर. असं जनावर या डोंगरात उरलेलं नाही असंच सगळे धरून चालले होते. एका संध्याकाळी रेडिओने दाजींच्या कोपराला नुसतं बोट लावलं आणि हनुवटीने वर दाखवलं. कपारीच्या तोंडाशी ती बसली होती, आणि तिच्या पोटाशी पिल्लं लोळत होती. फोटोवाल्यांनी इतक्या घाईने बटण दाबलं, की पहिले सगळे फोटो हलले.

"काय रुबाब आहे," परतताना रेडिओ म्हणाला. "बाईसाहेबच शोभतात."

"नाव ठेवलंस ते ठीक. पण बाहेर एक अक्षर बोललास तर याद राख."

"दाजी, मी काय लहान आहे?"

"लहान असतास तर बरं होतं. लहानांचं कोणी ऐकत नाही."

त्या कपारीच्या वर एक खडक होता, दोन टोकांचा, एक टोक लांब आणि एक आखूड. रेडिओ त्याला तुटका चिमटा म्हणायचा. बाईसाहेबांच्या फोटोत त्यांच्या मागे तो चिमटा अर्धवट धूसर आला होता. फोटोवाल्यांनी सवयीप्रमाणे फोटो उलटा केला, मोठा छापला आणि काचेत मध्यभागी लावला. गाव बघायला लोटलं. कुठे काढला असं जो विचारील त्याला ते वेगवेगळी उत्तरं देत, आणि कोणाला कोणतं दिलं ते लक्षात ठेवत.

पुढे हिवाळ्यात, चंद्राची बारीक कोर असताना, अंधार पडल्यापडल्या त्यांनी तिथेच आणखी एक फोटो काढला. खाली चंद्रप्रकाशात उजळलेला कडा, त्याच्या डोक्यावर तो चिमटा, आणि मागून वर येणारं अख्खं मृग नक्षत्र, तीन ताऱ्यांचा बाण आणि त्याखाली उजवीकडे नुकता डोकावलेला व्याध. आयुष्यातला सगळ्यांत चांगला फोटो. तोही त्यांनी उलटा केला आणि बघत बसले. व्याध डावीकडे गेला होता. त्यांना ते पाहवेना. उद्या एखादा जाणकार काचेसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "अहो, तुमचा व्याध चुकीच्या बाजूला उगवतो वाटतं," तर? आणि या फोटोत कुठे प्राणी होता? नुसता दगड आणि तारे. त्यांनी तो पुन्हा सुलटा केला, तसाच छापला आणि बाईसाहेबांच्या शेजारी लावला.

दुसऱ्या दिवशी बायको काच पुसत होती. पुसतापुसता म्हणाली, "अहो, हे दोन्ही एकाच जागचे ना?"

फोटोवाले चपापले. "तुला कोणी सांगितलं?"

"मला कोण सांगायचंय? दिसतंय की."

दिसतंय म्हणे. तिने जन्मात तो डोंगर पाहिला नव्हता. तिला दिसेलच कसं? सांगितलं असणार भावाने. बहिणीच्या स्वयंपाकघरात चहा पीत रेडिओ काय काय वाजत असेल, देव जाणे. त्यांनी मनात गाठ मारून ठेवली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी कपारीसमोरच्या वाळूत त्यांना तीन भोकं दिसली. कोणाही दुसऱ्या माणसाला ती दिसली नसती, दिसली असती तरी कळली नसती. फोटोवाल्यांना मात्र एका नजरेत कळलं. तिपाईचे पाय. त्यांच्या तिपाईपेक्षा जाडजूड पायांची, वजनदार कॅमेऱ्याची तिपाई. कोणीतरी इथे उभं राहून गेलं होतं. वर कपारीत हालचाल नव्हती. बऱ्याच वेळाने बाईसाहेबांनी डोकं बाहेर काढलं, कान मागे टाकले आणि पुन्हा आत गेल्या. एरवी त्या इतक्या बुजत नसत.

रेडिओ वाकून भोकं बघत म्हणाला, "दाजी, कोण आलं असेल?"

"तेच मी विचारतोय," फोटोवाले म्हणाले, आणि त्यांनी मेहुण्याच्या चेहऱ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

मग त्यांचं सुरू झालं. समोरचा चहावाला स्टुडिओकडे का बघतो? लॅमिनेशनचा माल आणणारा एवढा का रेंगाळतो? आणि रेडिओ आजकाल खाणीवरून उशिरा का येतो? जेवताना रेडिओ काही सांगायला लागला, की ते घास हातात धरून ऐकत, गोष्टीत कुठे डोंगर येतो का बघत. डोंगर आला नाही तर त्यांना वाटायचं, मुद्दाम टाळतोय. बायको म्हणायची, "जेवा हो, गार होतंय." तिला घरातली हवा कळत होती, कारण कळत नव्हतं.

शेवटी त्यांनी सापळा लावला. एका सकाळी जीपशी जाऊन, आजूबाजूला बघत, हळू आवाजात रेडिओला म्हणाले, "बाईसाहेबांनी घर बदललंय. पिल्लांना घेऊन त्या पांढऱ्या खिंडीत गेल्या. मी काल डोळ्यांनी पाहिलं. तुझ्याशिवाय कोणाला सांगितलेलं नाही."

रेडिओचा चेहरा उजळला. "बरं झालं की. पण दाजी, त्या खिंडीत गाडी थेट आतपर्यंत जाते हो. कोणीही जाईल."

"म्हणून तर म्हणतो, गप्प बस."

पांढरी खिंड विरुद्ध दिशेला होती आणि तिच्यात काळं कुत्रंसुद्धा फिरकत नसे. आता तिथे कोणाची पावलं उमटली तर फितूर कोण याला दुसरा पुरावा नको. काही दिवस जाऊ देऊन फोटोवाले आपली जुनी मोटारसायकल घेऊन एकटेच गेले. खिंडीच्या तोंडाशीच त्यांना चाकांच्या खुणा दिसल्या. आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या. रेडिओच्या जीपचं मागचं डावं टायर वेगळ्याच नक्षीचं होतं, जुनं फुटलं तेव्हा मिळेल ते बसवलेलं. ती नक्षी वाळूत छापल्यासारखी उमटली होती.

पुढे खिंड वळत होती. ते वळणापर्यंतही गेले नाहीत. कशाला जायचं? जे बघायचं ते बघून झालं होतं. परत येताना त्यांना वाईट वाटत होतं, आणि खोटं कशाला बोला, आपला संशय खरा निघाल्याचं एक समाधानही वाटत होतं.

सुट्टीच्या दिवशी रेडिओ नेहमीसारखा जेवायला आला. ताट वाढलेलं होतं. फोटोवाल्यांनी त्याला बसूही दिलं नाही.

"पांढऱ्या खिंडीत कोणाला घेऊन गेला होतास?"

"कोणाला नाही," रेडिओ म्हणाला.

"तुझ्या टायरची खूण आहे तिथे."

"असेल. गेलोच होतो मी."

"बाईसाहेब तिथे कधी गेल्याच नव्हत्या. मी तुला खोटं सांगितलं होतं. बघायचं होतं तुझ्या पोटात किती राहतं ते."

रेडिओ हातातला पाण्याचा तांब्या तसाच धरून उभा राहिला. म्हणाला, "कशाला गेलो होतो ते तरी विचारा ना, दाजी."

"विचारायची गरज नाही. तिपाया घेऊन माणसं कपारीपर्यंत उडत आली का? तुझ्या बहिणीला जागा कोणी सांगितली? किती घेतोस रे एका फेरीचे?"

बायको मध्ये पडली, "अहो, काय बोलताय? मला त्याने काही सांगितलेलं नाही." पण तोपर्यंत रेडिओने तांब्या खाली ठेवला होता. तो पायात चपला सरकवून निघून गेला. जाताना दारही आपटलं नाही. बायकोने त्याचं ताट झाकून ठेवलं आणि त्या दिवशी ती नवऱ्याशी बोलली नाही. त्यानंतरही कामापुरतंच बोलायची.

फोटोवाल्यांना वाटलं होतं, आता तरी जिवाला स्वस्थता मिळेल. मिळाली नाही. पिल्लांची काळजी लागली होती. एका पहाटे ते मोटारसायकल काढून एकटेच कपारीकडे निघाले. वाटेत दोनदा वाळूत घसरून पडले. जीपमध्ये बसून आयतं जाताना हा रस्ता एवढा वाईट आहे हे त्यांना कधी जाणवलं नव्हतं.

तिथे जत्रा भरली होती. दोन मोठ्या गाड्या, दुमडत्या खुर्च्या, थर्मास, आणि तोफा लावाव्यात तशा कपारीकडे रोखलेल्या लांबलांब लेन्स. माणसं सभ्य होती, हळू आवाजात बोलत होती. एक मुलगी मोबाइल डोळ्यांसमोर हातभर लांब धरून एकेक पाऊल बाजूला सरकत होती.

"अजून थोडं डावीकडे ये," तिचा सोबती म्हणाला. "हां, बस. आता दोन्ही टोकं जुळली."

फोटोवाले तिच्या मागे जाऊन उभे राहिले. मोबाइलवर त्यांचा स्वतःचा फोटो होता. काचेतून काढलेला, एका कोपऱ्यात स्टुडिओच्या दारावरचा दिवा चमकत असलेला. मृग, बाण, व्याध, आणि खाली तो चिमटा. मोबाइलमधल्या चिमट्याच्या रेषेच्या अगदी वर खऱ्या चिमट्याची रेषा येऊन बसली होती.

"तुम्ही पण या फोटोवरूनच आलात का?" मुलीने हसून विचारलं.

फोटोवाल्यांनी विचारलं, "कसं काय... फोटोवरून?"

"पंक्चर काढायला गावात थांबलो होतो, तिथल्या स्टुडिओत हे लावलेत. तो माणूस हुशार आहे हो. मांजराचा फोटो त्याने उलटा छापलाय. पण शेजारच्या फोटोत हाच खडक, आणि आखूड टोक दुसऱ्या बाजूला. आधी वाटलं दोन वेगळे खडक असतील. मग लक्षात आलं, यातले तारे बरोबर आहेत, म्हणजे हा सुलटा. मृग उगवतोय, म्हणजे कॅमेऱ्याचं तोंड पूर्वेला. मग काय, पूर्वेकडचे कडे शोधत आलो. ग्रुपवर टाकलं, तेव्हा हे बाकीचे आले."

"आणि मांजर?"

"आम्ही पहिल्यांदा आलो तेव्हा दिसलं होतं. आता परवापासून कोणालाच नाही."

फोटोवाले वर चढले. कोणीतरी "काका, जपून" म्हणालं. कपारीत वाकून पाहिलं. हाडांचे तुकडे, पिसं, आणि दगडाला चिकटलेले थोडे पिवळसर केस. रक्त नव्हतं. पिल्लांना तोंडात धरून ती कधीतरी निघून गेली होती, नाहीतर ती नसताना कोणीतरी येऊन पिल्लं उचलून घेऊन गेलं होतं. यातलं काय झालं ते कळायला काही मार्ग नव्हता. ते तिथेच बसून राहिले. खाली माणसं वाट बघत होती, आणि हा म्हातारा फ्रेममधून कधी हटतो म्हणून चुळबुळत होती.

बायको म्हणाली होती, दिसतंय की. तिला खरंच दिसलं होतं.

उतरल्यावर ते घरी गेले नाहीत. मोटारसायकल थेट पांढऱ्या खिंडीकडे वळवली. टायरच्या खुणा वाऱ्याने जवळजवळ पुसल्या होत्या. या खेपेला ते वळण ओलांडून पुढे गेले, आणि थांबले. जिथे खिंड अरुंद होत होती तिथे या कड्यापासून त्या कड्यापर्यंत दगडांचा बांध घातलेला होता. खाली मोठे, वर लहान, सांधे बसवून एकावर एक रचलेले. खाणीवर रचतात तसे. गाडी सोडा, मोटारसायकलही जाणार नाही असा. एका दगडाखाली रेडिओची पहार विसरून राहिली होती, आणि शेजारी त्याचा फाटका हातमोजा. एकट्याने केलेलं काम होतं. पिल्लं तिथे नव्हतीच. त्याला ते ठाऊक नव्हतं एवढंच.

फोटोवाल्यांनी पहार उचलली आणि मोटारसायकलला बांधली. हातमोजा खिशात ठेवला. रस्ताभर त्यांना रडू येत होतं आणि ते वाळूला शिव्या देत होते.

रेडिओ जीपखाली आडवा होऊन काहीतरी आवळत होता. त्यांनी पहार भिंतीला टेकवून ठेवली. तो बाहेर आला, पहारीकडे बघितलं, दाजींकडे बघितलं.

"माझं चुकलं," फोटोवाले म्हणाले. "फोटोवरून शोधलं त्यांनी. माझ्याच. तू बांध घातलास तो मी आज पाहिला. आधी वळणापर्यंत गेलोसुद्धा नव्हतो रे."

"जाऊ द्या," रेडिओ म्हणाला. "ताई बरी आहे ना?"

"बरी आहे. जेवायला ये."

तो आला. जेवला. ताईने आग्रह केला तेव्हा आणखी घेतलं, खाणीवरच्या मुकादमाची एक गोष्टही सांगितली. फोटोवाले सगळ्यांत आधी हसले, जरा जास्तच. दुकानाच्या काचेतून त्यांनी दोन्ही फोटो काढून टाकले होते, आणि तिथे आता एका बाळाचा फोटो होता. चहावाल्याने विचारलं, डोंगर कुठे गेले? त्यांनी पहिल्यांदाच खरं उत्तर दिलं, "माझ्या मूर्खपणामुळे गेले."

हिवाळा सरतासरता एका मेंढपाळाने बोलताबोलता कानांवर झुपके असलेल्या जनावराचा उल्लेख केला. लांबच्या, दक्षिणेकडच्या डोंगराच्या सोंडेवर. फोटोवाल्यांनी ते कोणालाही सांगितलं नाही. रेडिओकडे जाऊन म्हणाले, "चल."

रेडिओ लगेच निघाला. कुठे, ते विचारलं नाही. रस्ताभर जीपमध्ये फक्त इंजिनाचा आवाज होता. फोटोवाले दोनदा काहीतरी बोलले, त्याने "हो" म्हटलं. डोंगर सुरू होतो तिथे, जिथून वाळूचे तीन रस्ते फुटतात, त्याने जीप थांबवली आणि चावी फिरवून इंजिन बंद केलं.

"का थांबलास? पुढे जाते की गाडी."

"जाते. पण इथून पुढे तुम्ही पायी जा, दाजी. मी इथे थांबतो, केव्हाही या." त्याने मागून तिपाई काढून त्यांच्या हातात दिली, पाण्याची बाटली खांद्याला अडकवून दिली. "फक्त कुठल्या वाटेने जाताय ते मला सांगू नका."

"अरे, मी म्हटलं ना, माझं चुकलं."

"चुकलंच. मी कुठे राग धरलाय?" रेडिओ म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरंच राग नव्हता. "पण पुन्हा काही झालं, तर मला माहीतच नव्हतं, एवढं तरी तुमच्या मनाला पक्कं ठाऊक असेल."

तो जीपच्या पलीकडच्या बाजूला गेला, डोंगराकडे पाठ करून वाळूत बसला आणि टोपी डोळ्यांवर ओढली. फोटोवाले तिपाई खांद्यावर घेऊन बराच वेळ तिथेच उभे होते. मग त्यांनी एक वाट धरली. वळणावर एकदा थांबून मागे पाहिलं. रेडिओ तसाच बसला होता, तोंड गावाकडे करून.